कडक बेल्जियन एलसाठी कोणतं यीस्ट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, सातारा इथून बाहेरदेशी गेलेली आणि तिकडे घरी बीअर करायला लागलेली मंडळी फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं एकत्र करून ठेवली आहेत. जिथे एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

1. सुट्टीला सांगलीत आलोय. इथेच घरी एक बॅच करून बघू का?

नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. "विकणार नाही, घरच्यापुरतंच" म्हटल्याने सुटका होत नाही. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर चालतात, ती गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरगुती बीअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत 1979 पासून केंद्राच्या कायद्याने मुभा आहे: एकट्या प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला 200. दोन्हीकडे अट एकच, विकायची नाही. इतर देशांत राहत असाल तर तिथला नियम आधी बघा. पुढची सगळी उत्तरं जिथे हे कायदेशीर आहे तिथल्यांसाठी आहेत.

2. 'कडक बेल्जियन एल' म्हणजे नेमकी कुठली?

एल म्हणजे उबेत आंबवलेली बीअर. कडक म्हणजे ढोबळमानाने 8 ते 12 टक्के अल्कोहोलची. फिकट रंगात ट्रिपल आणि गोल्डन स्ट्राँग, गडद रंगात डार्क स्ट्राँग, जिला बरेच जण क्वाड म्हणतात. ओळखीच्या बाटल्या सांगायच्या तर वेस्टमाल ट्रिपल 9.5 टक्के, डूव्हेल 8.5, शिमे ब्लू 9, रोशफोर 10 ही 11.3, वेस्टव्लेटरेन 12 ही 10.2. आकडे एवढे असूनही चांगली बेल्जियन जिभेला जड लागत नाही. गोडवा उरत नाही, कारण साखर बहुतेक सगळी यीस्टने खाल्लेली असते. म्हणून इथे यीस्टला दोन कामं: वास द्यायचा आणि शेवटच्या थेंबापर्यंत खायचं. पुष्कळ वाण पहिलं झकास करतात आणि दुसऱ्यात दम टाकतात.

3. माल्ट तेच, हॉप्स नावाला. मग फरक एवढा यीस्टनेच पडतो?

या प्रकारात तरी हो. (माल्ट म्हणजे मोड आणून सुकवलेली बार्ली, हॉप्स म्हणजे कडवटपणा देणारी फुलं.) केळ्याचा वास येतो तो आयसोअमाइल अॅसिटेटमुळे, तो एक एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारं संयुग. लवंग-मिरीकडे झुकणारा वास येतो 4-व्हायनिल ग्वायाकॉलमुळे, तो फेनॉल. माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून यीस्ट तो बनवतं. त्यासाठी लागणारी जनुकं बहुतेक ब्रिटिश-अमेरिकी एल यीस्टमध्ये निकामी झालेली आहेत, बऱ्याच बेल्जियन आणि जर्मन गव्हाच्या बीअरच्या यीस्टमध्ये ती अजून चालू आहेत. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी 2016 साली दीडशेहून अधिक औद्योगिक यीस्टचे जनुकीय आराखडे तपासून हे नीट दाखवलं.

तिसरा गट फ्यूजेल अल्कोहोलचा, म्हणजे नेहमीच्या अल्कोहोलपेक्षा जड अल्कोहोलांचा. थोडी असली तर ऊब देतात, जास्त झाली तर घसा जाळतात. ती वाणावर कमी आणि तुमच्या तापमानावर जास्त अवलंबून असतात (प्रश्न 8).

4. दुकानात पाकिटांची रांग असते. कोणतं कशाचं?

आधी एक इशारा. वेस्टमाल, शिमे, रोशफोर, वेस्टव्लेटरेन हे बीअर करणारे बेल्जियन मठ आहेत, डूव्हेल आणि आशुफ या साध्या ब्रुअरी. 'हे अमुक मठाचं यीस्ट' असं कंपन्या सहसा छापत नाहीत. खालची कुळं घरगुती ब्रुअरांमध्ये रूढ झालेली आहेत, आणि एकाच कुळातली दोन कंपन्यांची पाकिटं जुळी नसतात. वर्षानुवर्षं वेगळी वाढवली की पिढ्या भरकटतात.

वेस्टमालचं कूळ: वायईस्ट 3787, व्हाइट लॅब्स डब्ल्यूएलपी530 (वायईस्ट आणि व्हाइट लॅब्स या यीस्ट विकणाऱ्या कंपन्या). पहिलीच कडक बेल्जियन करत असाल तर डोळे झाकून हेच घ्या. फळ आणि मसाला दोन्ही बेताचं, खाणं भरपूर, ट्रिपल असो की क्वाड, दोन्हीत शोभतं. वेस्टव्लेटरेनचे साधूसुद्धा आपलं यीस्ट वेस्टमालमधूनच आणतात, यावरून काय ते समजा. खोड एकच, फेस (प्रश्न 14).

शिमेचं कूळ: वायईस्ट 1214, डब्ल्यूएलपी500. शिमेचं यीस्ट 1948 साली फादर तेओदोर यांनी वेगळं केलं. यात केळं आणि पिकल्या फळांचा वास ठसठशीत असतो. ऊब वाढली की केळं इतकं वाढतं की बाकी सगळं झाकोळतं. मन लावून सांभाळणाऱ्यालाच हे द्यावं.

रोशफोरचं कूळ: वायईस्ट 1762, डब्ल्यूएलपी540. गडद बीअरसाठी माझी पहिली पसंती. वास संयमी, मनुका-आलुबुखाऱ्याकडे झुकणारा, आणि 12 टक्क्यांपर्यंत तग धरणारं. सुरुवात मात्र सुस्त. डब्ल्यूएलपी540 तर इतकं रेंगाळतं की नवखा माणूस तिसऱ्या दिवशी घाबरून मेसेज करतो.

डूव्हेलचं कूळ: वायईस्ट 1388, डब्ल्यूएलपी570. मूळ यीस्ट पहिल्या महायुद्धानंतर स्कॉटलंडहून आणलेलं. फिकट, कोरड्या, नाशपती-लिंबाच्या वासाच्या बीअरला याला तोड नाही. शेवटी थांबल्यासारखं वाटतं आणि मग पुन्हा चालू होतं. बाटलीत भरायची घाई करू नका. गडद बीअरमध्ये मला हे आवडत नाही. कोरडेपणा उघडा पडतो.

आशुफचं कूळ: वायईस्ट 3522, डब्ल्यूएलपी550. फेनॉल ठळक, मिरीचा ठसका. ज्यांना मसालेदार हवी त्यांना.

5. सुकं यीस्ट घेतलं तर कमीपणा आहे का?

अजिबात नाही. निवड कमी आहे, एवढंच. सॅफएल बीई-256 झपाट्याने खातं आणि कोरडं करतं. वास फळांकडे, लवंग फारशी नाही. लालेमंडचं अॅबे 14 टक्क्यांपर्यंत सोसतं आणि थोडा मसाला देतं. सॅफएलचंच टी-58 मिरीवर जातं. एस-33 कडक बीअरला एकटं घेऊ नका, खाणं कमी, गोड उरतं. मॅनग्रोव्ह जॅक्सचं एम31 ट्रिपलसाठीच काढलेलं आहे. जिथे उन्हाळ्यात पार्सल चार दिवस गोदामात तापत पडतं तिथे मी सुकंच घ्यायला सांगतो. मेलेल्या उत्तम वाणापेक्षा जिवंत मध्यम वाण कधीही बरं.

6. बेकरीचं यीस्ट चालेल का? जात तर एकच आहे म्हणतात.

प्रजाती एकच, सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसिए. पण पावाचं यीस्ट भरभर गॅस सोडावा म्हणून निवडलेलं असतं. ते तळाशी नीट बसत नाही, 10 टक्क्यांच्या आसपास भरवशाचं राहत नाही, आणि त्या पुडीत लॅक्टिक जिवाणूही थोडेफार असतात. पावाला त्याने बिघडत नाही, चार महिने मुरणाऱ्या बीअरचं बिघडतं. एकच उपयोग आहे: उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यात, चमचाभर टाकलंत तर मेलेलं यीस्ट बाकीच्यांचं खाद्य होतं.

7. 20 लिटरला किती यीस्ट टाकायचं? एक पाकीट पुरेल?

पुरणार नाही. हिशोब असा: एलसाठी दर मिलिलिटरला, दर प्लेटो अंशाला (वर्टमधल्या साखरेचं माप) साडेसात लाख पेशी. ओजी, म्हणजे आंबण्याआधीची वर्टची घनता, 1.090 असेल तर साधारण 21.5 प्लेटो. 20,000 × 21.5 × 7.5 लाख केलं की सव्वातीनशे अब्जांच्या आसपास येतं. द्रव यीस्टच्या नेहमीच्या पाकिटात ताजं असताना 100 अब्ज धरा. म्हणजे तीन-चार पाकिटं, किंवा एका पाकिटापासून 1.037 च्या आसपासच्या पातळ वर्टमध्ये टप्प्याटप्प्याने वाढवलेला स्टार्टर. सुक्याची 11.5 ग्रॅमची दोन पाकिटं घ्या.

"बेल्जियनमध्ये यीस्ट कमी टाकलं की वास वाढतो" हे वाक्य बरेच जण ऐकून येतात. साध्या 6 टक्क्यांच्या बीअरला थोडं कमी टाकून गंमत करता येईल. 10 टक्क्यांच्या बीअरला उपाशी फौज पाठवलीत तर ती वाटेतच बसते (प्रश्न 13).

यीस्ट टाकताना वर्टमध्ये ऑक्सिजन भरपूर हवा. नुसतं हलवून साधारण 8 पीपीएमपर्यंतच जातं. कडक वर्टला सिलिंडरचा शुद्ध ऑक्सिजन देता आला तर उत्तम, आणि 12 ते 18 तासांत दुसरा हप्ता. त्यानंतर मात्र हवा लागू देऊ नका.

8. तापमान किती ठेवू? एक जण 18 सांगतो, दुसरा 28.

दोघंही बरोबर असू शकतात, कारण एक सुरुवातीचं सांगतोय आणि दुसरा शेवटचं. वेस्टव्लेटरेनमध्ये वर्ट 20 अंशाला सुरू होतं आणि 28-29 पर्यंत चढू दिलं जातं. त्याच यीस्टवर वेस्टमाल मात्र 18 ते 20 च्या आसपासच थांबतं. एकच यीस्ट, दोन तापमानं, दोन सर्वस्वी वेगळ्या बीअर. वाणांची तुलना करायला निघालेल्याने हे आधी डोक्यात पक्कं करावं. पाकीट बदलून जेवढा फरक पडतो, तेवढाच कधी कधी थर्मोस्टॅट फिरवूनही पडतो.

घरी मी सुचवतो ती पद्धत: 18 अंशाला यीस्ट टाका, पहिले दोन दिवस 19 च्या वर जाऊ देऊ नका, मग रोज एक अंश करत 23-24 पर्यंत न्या आणि तिथेच संपू द्या. घसा जाळणारी फ्यूजेल अल्कोहोल मुख्यतः यीस्ट वाढत असताना, म्हणजे सुरुवातीला तयार होतात. त्या काळात थंड ठेवलंत की पुढे ऊब दिली तरी धोका कमी. उलट केलंत, म्हणजे 26 ला सुरू करून मग घाबरून थंड केलंत, तर जळजळही येईल आणि यीस्टही झोपेल. डूव्हेलच्या कुळाला शेवटी 26 पर्यंत दिलं तरी चालतं, शिमेच्या कुळाला 22-23 ला थांबवा.

आणि मोजायचं ते आतल्या वर्टचं, खोलीचं नव्हे. जोमात असताना आत चार-पाच अंश जास्त सहज असतात. सेन्सर फर्मेंटरच्या (आंबवायच्या भांड्याच्या) अंगाला चिकटवा, वरून कापडाची घडी बांधा.

9. दोन यीस्टची तुलना नीट करायची तर कशी?

"मागच्या दिवाळीला 3787 ने केली होती, यंदा 1762 ने, यंदाची जास्त चांगली झाली" ही तुलना नव्हे. माल्टचा लॉट वेगळा, ओजी वेगळी, हवा वेगळी, आणि मागच्या दिवाळीची चव आज आठवत नाही.

एकच वर्ट करा. उकळून थंड झाल्यावर दोन सारख्या भांड्यांत वाटा, पण एक आधी भरून मग दुसरं नको. तळाचा गाळ दुसऱ्यात जास्त जातो, म्हणून आलटून पालटून थोडं थोडं ओता. ऑक्सिजन सारखा, पेशींची संख्या सारखी. तापमानाबाबत आधी ठरवा की विचारायचं काय आहे. "एकाच वागणुकीत दोघं कशी वागतात" हे बघायचं असेल तर दोन्हींना एकच तापमान. "प्रत्येकाची सर्वोत्तम बीअर कोणती" हे बघायचं असेल तर ज्याला त्याला मानवेल ते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण एकाच बॅचमध्ये मिसळले की उत्तर कशाचंच मिळत नाही. दोन्ही भांडी एकाच फ्रिजमध्ये असली तरी सेन्सर दोन हवेत, कारण जे यीस्ट जोरात चालतं ते स्वतःच तापतं.

दोन्हींची एफजी, म्हणजे आंबून झाल्यावरची घनता, लिहून ठेवा. एक 1.012 ला थांबलं आणि दुसरं 1.020 ला, तर चाखताना तुम्ही वासाची नव्हे, गोडव्याची तुलना करत असता. खाणं किती झालं याचं गणित सोपं: 1.090 ते 1.014 म्हणजे 76 भागिले 90, सुमारे 84 टक्के. अल्कोहोल म्हणजे फरक गुणिले 131.25, इथे जवळपास 10 टक्के.

चाखताना तीन पेले: दोन एकाचे, एक दुसऱ्याचा. बाहेरून काही दिसू नये म्हणून रंगीत किंवा अपारदर्शक, कारण एक बीअर गढूळ असली की नाकाआधी डोळाच निकाल देतो. वेगळा कोणता एवढंच विचारायचं. आवडला कोणता हा प्रश्न नंतर, आणि ज्याने वेगळा पेला ओळखला त्यालाच. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणून नऊ जणांत निदान सहा, बारा जणांत निदान आठ बरोबर आले तरच फरक आहे असं माना. एवढे मित्र जमत नसतील तर स्वतःच पुन्हा पुन्हा घ्या, पण पेले दुसऱ्याला भरायला सांगा.

या कसोटीत आवडतं यीस्ट आणि नावडतं यीस्ट ओळखू न आलेले लोक मी पाहिलेत. त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

10. लवंग, केळं, मिरी... मला तर नुसती बीअर लागते. नाक कसं तयार करू?

हे मात्र सुट्टीत सांगलीतही करता येईल, कायदा आड येत नाही. छोट्या वाट्यांत कुटलेली लवंग, काळी मिरी, जास्त पिकलेलं केळं, अननसाची फोड, भिजवलेले बेदाणे ठेवा, वरून झाकण. डोळे मिटून कोणालातरी एक-एक पुढे करायला सांगा. नाव चटकन तोंडावर यायला लागलं की पेल्यातही ते सापडतं. आपल्या घरात वाढलेल्या नाकाला लवंग-मिरी शिकवावी लागत नाही, फक्त ती बीअरमध्ये शोधायची सवय नसते.

11. कँडी शुगरऐवजी आपला गूळ चालतो का?

कँडी शुगर म्हणजे बेल्जियन बीअरमध्ये घालतात ती साखर. गूळ चालतो, पण तो बदली खेळाडू नाही, त्याचं काम वेगळं आहे. फिकट ट्रिपलला साधी पांढरी साखर घाला. बेल्जियममध्ये साखर बीटची, आपली उसाची, शेवटी दोन्ही सुक्रोज. यीस्ट ती स्वतः फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतं, म्हणून महागडे पांढरे खडे घेण्यात अर्थ नाही. गडद कँडी सिरपची चव मात्र साखर भाजल्याने येते, ती गुळात नाही. गुळात मळीची, किंचित खारट छटा असते. कराड-कोल्हापूरकडचा सेंद्रिय म्हणून मिळणारा गडद गूळ डबेलमध्ये (क्वाडपेक्षा हलकी गडद बेल्जियन) सुरेख लागतो, ट्रिपलमध्ये रंग आणि चव दोन्ही बिघडवतो.

प्रमाण: 20 लिटरला 700 ग्रॅम साखर म्हणजे ओजीचे साधारण 13 अंक. 1.090 च्या बीअरला तेवढं पुरे. गूळ घेतलात तर साखर निम्मीच ठेवा. आणि पहिल्या दिवशी सगळी ओतू नका. आयतं ग्लुकोज मिळालं की यीस्ट माल्टोजकडे बघायला कंटाळतं. जोर ओसरायला लागला की, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पाण्यात उकळून थंड करून घाला.

12. तासगावचे बेदाणे क्वाडमध्ये घालू का?

घाला, पण आधी धुवा. आपल्याकडे बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे साल लवकर सुकते. पिवळाधमक रंग टिकवायला गंधकाची धुरीही देतात, आणि तो सल्फाइट यीस्टला मानवत नाही. त्यामुळे पिवळ्यापेक्षा काळा बेदाणा बरा. गरम पाण्याने दोनदा धुवा, जाडसर वाटा, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत टाका. 20 लिटरला 250 ग्रॅम पुष्कळ. रोशफोरच्या कुळाशी याची जोडी जमते. तुलनेच्या बॅचमध्ये मात्र नको. वास यीस्टचा की तासगावचा, ठरवता येणार नाही.

13. 1.030 वर येऊन अडकलंय. काय करू?

आधी ते खरंच अडकलंय का बघा. रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाश किती वाकतो यावरून साखर मोजणारं) मोजत असाल तर अल्कोहोलमुळे आकडा जास्त दिसतो, हायड्रोमीटरने (तरंगणारं घनतामापक) पुन्हा मोजा, आणि नमुन्यातला गॅस हलवून काढून मग. खरंच अडकलं असेल तर ऊब 24 पर्यंत वाढवा, तळ हलक्या हाताने ढवळा, आठवडा थांबा. डूव्हेलचं किंवा डब्ल्यूएलपी540 असेल तर दोन आठवडे. तरीही हलेना, तर नवं यीस्ट टाका, पण पाकिटातून थेट नको. 9 टक्के अल्कोहोलमध्ये ते पडल्या पडल्या गार होतं. छोटा स्टार्टर करा, तो जोमात असताना ओता. मॅशचं, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवतानाचं, तापमान 68-69 अंश झालं होतं का तेही आठवा. तसं असेल तर उरलेली साखर यीस्टच्या आवाक्यातलीच नाही, आणि नवं टाकूनही उपयोग नाही. पुढच्या वेळी 64-65 ठेवा.

14. झाकण उडालं, फेस छतापर्यंत. हे कशाने?

3787 ने. 20 लिटरच्या वर्टला 30 लिटरचं भांडं घ्या आणि एअरलॉकऐवजी (गॅस बाहेर सोडणारी झाकणावरची झडप) जाड नळी बादलीत सोडा.

15. पाकिटावर 'डायस्टॅटिकस' लिहिलंय. घाबरायचं का?

जपायचं. या यीस्टमध्ये एसटीए1 नावाचं जनुक असतं. त्यामुळे ते स्टार्चचे मोठे तुकडे, जे इतर यीस्ट सोडून देतं, तेही फोडून खातं. बेल सेझाँ आणि बीई-134 ही सुकी यीस्टं त्याची उदाहरणं. बीअर खडखडीत कोरडी होते, कडक डार्कला ते नकोच असतं. खरा धोका पुढचा आहे: ते नळीत, नळात चिकटून राहिलं आणि पुढच्या बॅचमध्ये शिरलं, तर बाटलीत भरल्यानंतर महिनाभराने खाणं सुरू होतं आणि बाटल्या फुटतात. प्लास्टिकच्या नळ्या वेगळ्या ठेवा.

16. क्वाड झाल्यावर तळाचं यीस्ट पुन्हा वापरू?

नको. 10 टक्क्यांत राहिलेलं यीस्ट थकलेलं असतं. उलट क्रम लावा: आधी 5 टक्क्यांची हलकी बेल्जियन करा, तिच्या तळाचं ताजं यीस्ट घेऊन कडक करा. स्टार्टरची कटकट वाचते, आणि वाण कसं वागतं तेही स्वस्तात कळतं.

17. बाटलीत गॅस येत नाही. साखर किती घालायची?

20 लिटरला 160-170 ग्रॅम साखर घातली की साधारण 3 व्हॉल्यूम (बीअरच्या आकारमानाच्या तिप्पट) गॅस होतो. ट्रिपलला त्याहून जास्त लागतो, पण मग जाड बेल्जियन बाटल्याच हव्यात, साध्या बाटलीत 3 च्या वर जाऊ नका. दोन महिने मुरवून भरत असाल तर मूळ यीस्टवर विसंबू नका, 20 लिटरला 2-3 ग्रॅम सुकं यीस्ट कोमट पाण्यात भिजवून भरताना मिसळा. 22-24 अंशाला तीन आठवडे ठेवा. एफजी आठवडाभर स्थिर असल्याशिवाय बाटली भरायची नाही, यात सवलत नाही.

18. नेलपॉलिशसारखा वास येतोय. आणि घरचे विचारतात, विषारी तर होत नाही ना?

वास इथिल अॅसिटेटचा, बहुतेक वेळा सुरुवातीच्या जास्त उबेमुळे (प्रश्न 8). थोडा असेल तर मुरताना मवाळ होतो, फार असेल तर ओतून द्या. विषाची भीती हातभट्टीच्या बातम्यांमुळे असते. तिथले मोठे बळी बहुधा औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने गेलेले असतात. माल्टमध्ये पेक्टिन जवळपास नसल्याने बीअरमध्ये मिथेनॉल नाममात्रच होतो. घरच्यांना सांगायचं तर खरी जपायची गोष्ट म्हणजे जास्त दाबाची काच. "मग हीच गाळली तर?" असंही एक-दोघे विचारतात. विनापरवाना गाळणं अमेरिका आणि ब्रिटनमध्येही गुन्हा आहे.

19. निकाल कधी लावायचा? पंधरा दिवसांत कळेल?

8 टक्क्यांची फिकट बीअर सहा-आठ आठवड्यांत कळते. 10 च्या वरची गडद, निदान चार महिने. शिमेच्या कुळाचं केळं पहिल्या महिन्यात जिंकतं आणि मग ओसरतं. रोशफोरचं कूळ पहिल्या महिन्यात मुकं असतं. लवकर चाखून लावलेले निकाल याच दोघांच्या बाबतीत हटकून उलटतात. म्हणून तुलनेच्या निम्म्या बाटल्या लांब ठेवा, शक्यतो दुसऱ्याच्या घरी.

20. पाकीट न घेता शिमेच्या बाटलीच्या तळातलं यीस्ट वाढवता येईल?

येईल. शिमे आणि वेस्टमाल बाटलीत स्वतःचंच यीस्ट ठेवतात. पण काही ब्रुअरी बाटलीत भरताना वेगळंच यीस्ट घालतात, ते वाढवून वेगळीच बीअर हाती येते. ओरव्हाल या मठाच्या बाटलीच्या तळात ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट असतं, ते भांड्यात शिरलं की जाता जात नाही. शिवाय कडक बीअरमधलं यीस्ट थकलेलं असतं (प्रश्न 16), म्हणून बाटली निवडताना त्या घराण्यातली सर्वांत हलकी घ्या (शिमेची गोल्ड, 4.8 टक्के), आणि जितकी ताजी मिळेल तितकी. वरची बीअर प्या, तळाचे दोन घोट ठेवा. बाटलीचं तोंड ज्योतीवरून फिरवा, गाळ 1.020 च्या 100 मिलि उकळून थंड केलेल्या वर्टमध्ये घाला, तीन-चार दिवसांनी दहापट. फेस दिसायला आठवडाही लागू शकतो. आंबूस किंवा बुरसट वास आला तर फेकून द्या. आणि दुसऱ्या टप्प्यानंतर थोडं चाखा, कारण 20 लिटर वर्ट बिघडण्यापेक्षा तो एक घोट स्वस्त पडतो.